सौंसरपुरती बातमी

नागपूरहून येणारी पहिली बस सौंसरच्या स्टँडवर थांबली, की कंडक्टर पेपरचा गठ्ठा दारातून खाली ढकलायचा आणि रघुनाथराव तो पायाने सरकवत आपल्या टपरीपर्यंत न्यायचे. कंबर दुखायला लागल्यापासून त्यांनी वाकणं सोडलं होतं. नागपूरच्या एका मराठी दैनिकाचे ते सौंसरचे एजंट होते आणि वार्ताहरही. जो पेपर विकतो त्यानेच बातमी द्यायची, अशी रीतच होती. बदल्यात एक ओळखपत्र मिळायचं आणि ते खिशातून डोकावत असलं, की तहसील कचेरीत बसायला खुर्ची मिळायची.

बातम्या लिहायची मात्र त्यांची मुलगी उर्मिला. रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून ती नागपूरहून परत आली होती आणि नोकरी लागेपर्यंत शिकवण्या घेत होती. वडिलांचं अक्षर प्रेसमध्ये कुणाला लागत नाही, म्हणून सुरुवातीला ती नुसती स्वच्छ प्रत काढून द्यायची. मग प्रत काढता काढता तिला प्रश्न पडू लागले. वडिलांनी 'भीषण आग' लिहिलेलं असायचं. ती विचारायची, जळलं काय, वारा कुठून होता, पाणी कुठून आणलं. रघुनाथराव वैतागून म्हणायचे, "तूच पाहून ये अन् तूच लिही." ती जायची, पाहायची आणि लिहायची. एवढं करून चार ओळी छापून यायच्या, आतल्या पानाच्या कोपऱ्यात.

१९८६च्या दिवाळीनंतर पेपरने नवीन ऑफसेट मशीन घेतलं. त्या पहिल्या अंकाचा गठ्ठा सुटला तेव्हा उर्मिलाने पेपर उलटा करून पानाच्या पाठीवरून बोट फिरवलं. आधी छपाईच्या शिशाच्या खिळ्यांचा दाब मागच्या बाजूला लागायचा, अक्षरं बोटाला कळायची. आता कागद गुळगुळीत होता. फोटो इतके स्वच्छ, की माणसांच्या शर्टाची बटणं मोजता यावीत.

आणि पान तीनवर, वर ठळक अक्षरांत, 'सौंसर–पांढुर्णा' असं लिहिलेलं होतं. अख्खं पान सौंसर आणि पांढुर्ण्याचं.

"पाहा बरं," रघुनाथराव टपरीसमोर जमलेल्या सगळ्यांना पान दाखवत म्हणाले, "आता नागपूरवाल्यायले रोज सकाळी उठून सौंसर वाचा लागन."

शेजारचा चहावाला चिंधू म्हणाला, "मंग माह्या चहाचंही लिवा काही. नागपुराहून गिऱ्हाईक येईन."

"तुह्या चहाचं लिहिलं तर इथलंही जाईन."

हसण्याचा आवाज चालू असतानाच सुखदेव ढोके पेपर घ्यायला आला. बौद्ध वस्तीतल्या विहारात संध्याकाळी पेपर मोठ्याने वाचला जायचा आणि वाचणारा बहुतेक वेळा तोच असायचा. चाळिशीचा माणूस, धारदार आवाजाचा. गावाबाहेर मँगनीजचा दगड दळून भुकटी करणारी मिल होती, तिला सगळे काळी मिल म्हणत. सुखदेव तिथे चाळणीवर होता. उर्मिलाने त्याला बऱ्याच दिवसांनी नीट पाहिलं आणि तिची नजर त्याच्या पायांवर थांबली. टाचा जमिनीला लागत नव्हत्या. तो चवड्यांवर, कोपर वाकवून, कोंबड्यासारखा चालत येत होता.

"काय सुखदेवभाऊ," चिंधू म्हणाला, "सकाळी सकाळीच का?"

सुखदेव हसला. ते हसणं चिंधूच्या थट्टेपेक्षा लांबलं. सगळे गप्प झाले तरी ते चालूच होतं, आणि उर्मिलाला दिसलं की तोंड हसत असलं तरी डोळे हसत नव्हते. उलट ते घाबरलेले होते.

हसणं थांबल्यावर तो टपरीच्या आतल्या बाजूला आला आणि हळूच म्हणाला, "ताई, माह्या तोंडातून वास येऊन राहिला का? खरं सांगा."

ती जवळ गेली. चुना आणि तंबाखूचा वास होता, दुसरा नव्हता.

"नाही हो, दादा."

"मंग हे सारे काहून म्हनून राहिले? मिलनं नोटीस देल्ली मले. दारू पिऊन कामावर येते म्हनून. ताई, माह्या बापानं छप्पन साली नागपूरले दीक्षा घेतली. तवापासून आमच्या घरात थेंब नाही. पाचवं शील हाय ते आमचं. मी स्वता वंदना घेतो विहारात... घेत होतो. भाऊरावनं सांगतलं, काही दिवस मागं बसत जा."

भाऊराव म्हणजे विहार समितीचे अध्यक्ष, रिटायर्ड पोस्टमन. कठोर नव्हते, पण दारूच्या बाबतीत कुणाचं ऐकत नसत.

"नोकरी गेली तर दुसरी पाहीन," सुखदेव म्हणाला. "पन बेवडा म्हनून नाही मरायचं मले."

पुढच्या वेळी नागपूरला गेल्यावर उर्मिला कॉलेजच्या जुन्या लायब्ररीत बसली. विषशास्त्राच्या एका जाड पुस्तकात तिला हवा तो परिच्छेद मिळाला. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली, की ती मेंदूत बसते. चेहरा थिजतो, हात कापतात, कारण नसताना हसू किंवा रडू येतं, चाल कोंबड्यासारखी होते. आणि एक सोपी खूण: असा माणूस पुढे कसाबसा चालतो, पण उलटा चालू शकत नाही.

सौंसरला आल्यावर तिने टपरीमागच्या मोकळ्या जागेत सुखदेवला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मागे चालायला सांगितलं. दोन पावलांत तो लाकडासारखा सरळ मागे कोसळला. ती मागे उभी होती म्हणून डोकं वाचलं. मग तिने चिंधूला तसंच चालायला लावलं. तो थेट स्टँडच्या फाटकापर्यंत उलटा गेला आणि तिथून ओरडला, "अजून जाऊ का छिंदवाड्यापर्यंत?" उत्तम नावाचा मिलमधलाच तरुण कामगार होता, तो चालला खरा, पण वळताना अडखळला आणि भिंत धरून उभा राहिला.

"कुणाला सांगू नोका, ताई," उत्तम म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

तिने सुखदेवला नागपूरला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. मेंदूच्या विभागातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला बराच वेळ तपासलं आणि हे दारूचं नाही, मँगनीजच्या धुळीचं दिसतं, अशी चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी मिलच्या मॅनेजरने वाचलीही नाही. "हा महाराष्ट्राचा कागद आहे," तो म्हणाला. "सौंसर मध्यप्रदेशात येतं."

उर्मिला पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"एका रोग्याने काही सिद्ध होत नाही," त्या म्हणाल्या. "मिलमधले सगळे तपासायला हवेत, तिथली धूळ मोजायला हवी. त्यासाठी टीम न्यावी लागेल, दुसऱ्या राज्यात. आमच्या साहेबांनी वर लिहिल्याशिवाय ते होणार नाही, आणि अर्ज तर त्यांच्याकडे रोज येतात."

"मग?"

"तुम्ही पेपरात लिहिता ना? लिहा. भोपाळचा वायू सुटून दोनच वर्षं झालीत. हे नागपूरच्या पेपरात आलं, की लोक विचारतील, आमदार विचारतील, साहेबांना फोन येतील. मग तेच मला बोलावून म्हणतील, जाऊन पाहून या."

उर्मिलाला हे पटलं. कारण आणि परिणाम यांच्यातली एकेक कडी तिला दिसत होती.

ती सुखदेवच्या घरी गेली तेव्हा त्याची बायको चंद्रकला अंगणात तुरी पाखडत होती. उर्मिलाने सगळं समजावून सांगितलं.

"नाव छापन का?" चंद्रकलाने विचारलं.

"नको असेल तर नाही छापणार, वहिनी."

"छापा," सुखदेव दारातून म्हणाला. "नाव छापा, गावाचं छापा, वस्तीचं छापा. अन् हा माणूस दारू पीत नाही असं मोठ्या अक्षरात छापा."

"मोठ्या अक्षरात फक्त मंत्र्याचं छापते," चंद्रकला म्हणाली. "तू काही मंत्री हाय का?" पण ती हसली आणि तिने उर्मिलापुढे गुळाचा खडा आणि पाणी ठेवलं.

उत्तमने आणि चाळणीवरच्या आणखी काही जणांनी कबूल केलं, की नागपूरची टीम आली तर तेही तपासून घेतील. आधी आपण पुढे व्हायला मात्र कुणी तयार नव्हतं.

बातमी लिहायला तिला आठवडा लागला. चिंधू उलटा कसा चालला, सुखदेव कसा पडला, पुस्तकात काय आहे, डॉक्टर काय म्हणाल्या, मिलमधले पंखे कसे बंद असतात, सगळं क्रमाने लिहिलं. जे ठाऊक नव्हतं तिथे ठाऊक नाही असंही लिहिलं. लिफाफा छोट्या रेल्वेगाडीच्या गार्डच्या हाती नागपूरला गेला.

दोन दिवसांनी किराणा दुकानातल्या फोनवर प्रेसमधून ट्रंक कॉल आला. पान तीन बघणारा सुरेश नावाचा उपसंपादक होता.

"उर्मिलाताई, झकास आहे. फोटो पाठवा."

"फोटो कशाला? सगळं लिहिलंय."

"आता मशीन ऑफसेटचं आहे. पूर्वी एका फोटोचा ब्लॉक करायला जीव जायचा, आता कितीही लावा. फोटो नसेल तर पान मेलेलं दिसतं."

सौंसरमध्ये लग्नाचे आणि परीक्षेच्या फॉर्मचे फोटो काढणारा एक होता, पण हलत्या माणसाचा फोटो काढणं त्याला जमत नसे. रघुनाथरावांनी पांढुर्ण्याहून गजाननला बोलावलं. गजानन दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठावर उभा राहून गोटमारीचे फोटो काढायचा. पांढुर्णा या काठाला, सावरगाव त्या काठाला आणि मधे दगडांचा मारा. दगड हवेत असतानाच पकडायचा ही त्याची ख्याती होती, आणि त्याच्या स्टुडिओच्या काचेत असे फोटो लावलेले असत.

"बोलो, क्या करना है?" तो बसमधून उतरताच म्हणाला. "मानूस उभा हाय का धावते?"

"उभाच काढा," उर्मिला म्हणाली. "विहारासमोर. आणि एखादा तो उलटा चालतानाचा."

सुखदेव पांढरा सदरा घालून तयार बसला होता. चंद्रकलाने त्याचे केस तेल लावून बसवले होते. विहाराच्या पायरीसमोर त्याचे दोन फोटो काढले. चेहरा थिजलेला होता, पण मान ताठ होती. मग तो उलटा चालायला लागला. उत्तम आणि आणखी एक जण त्याला झेलायला मागे उभे होते.

"तुमी दोघं जरा बाजूले व्हा," गजानन कॅमेऱ्यामागून म्हणाला. "फ्रेममध्ये येऊन राहिले."

"पडतानाचा नोका काढू, भाऊ," चंद्रकला म्हणाली.

सुखदेवला नेमकं तेव्हाच हसू आलं. तो हसत हसत मागे गेला आणि कोसळला, आणि उत्तमने पुढे झेप घेऊन त्याला जमिनीपासून वीतभर वर धरलं. त्याच्या आधीच कॅमेऱ्याचा आवाज झाला होता.

"आला," गजानन म्हणाला. तो खूश होता. इतक्या वर्षांत त्याच्या बोटाला दुसरी सवयच राहिली नव्हती.

उर्मिलाने सगळे फोटो पाठवले, पण पायरीसमोरच्या फोटोच्या पाठीवर 'हाच छापावा' असं लिहिलं आणि पडतानाच्या फोटोमागे 'केवळ डॉक्टरांच्या माहितीसाठी'.

बातमी आली तो मंगळवार होता. गठ्ठा सोडताना रघुनाथरावांचा हात क्षणभर थांबला आणि मग ते मोठ्याने म्हणाले, "अरे बापरे, अर्धं पान देल्लं लेकाच्यानं."

अर्ध्या पानावर सुखदेव होता. हवेत तिरका, दोन्ही हात पसरलेले, तोंड उघडं, हसत असलेला. सदऱ्याची बटणं मोजता येत होती. त्याला धरायला धावलेले हात चौकटीच्या बाहेर राहिले होते. वर मथळा होता: 'सौंसरचा अजब माणूस! पुढे चालतो, मागे पडतो!' खाली दोन बोटं मजकूर. पुस्तक गेलं होतं, चिंधू गेला होता, पंखे गेले होते. डॉक्टरांचं मत एका वाक्यात होतं. शेवटी लिहिलं होतं, 'सदर इसम मद्यपान करून कामावर येतो असे व्यवस्थापनाचे म्हणणे असून इसमाने त्याचा इन्कार केला आहे.'

गठ्ठा बसगाड्या निघायच्या आधीच संपला. ज्यांनी कधी पेपर घेतला नव्हता ते उभ्याउभ्या पान तीन मागत होते, बाकीची पानं तिथेच टाकून जात होते. पांढुर्ण्याहून गजाननचा निरोप आला, की तिथेही सगळे अंक संपले आणि लोक स्टुडिओत फोटोची प्रत मागून राहिले.

"काय पडला बाप्पा," कुणीतरी म्हणालं. "बाटली कुठं ठेवली पन?"

"फोटोवाल्यानं लपवली असन."

उर्मिलाने स्वतःला समजावलं, की मजकूर कापला असला तरी मँगनीज हा शब्द आहे, डॉक्टरांचं वाक्य आहे, मिलचा उल्लेख आहे. नागपूरला तेवढं पुरे. नागपूरची माणसं सुखदेवला ओळखत नाहीत, ती फोटोला हसणार नाहीत, ती विचारतील.

बुधवारी ती नागपूरला गेली. मेडिकलमध्ये डॉक्टरीणबाई राउंड संपवून बसल्या होत्या.

"साहेब काय म्हणाले?" उर्मिलाने विचारलं.

"कशाबद्दल?"

"बातमी. काल आली ना. पान तीनवर, अर्धं पान."

"मी रोज वाचते. काल काहीच नव्हतं."

त्यांनी टेबलाखालून कालचा अंक काढला. तेच नाव, तीच तारीख, पहिलं पानही तेच. उर्मिलाने पान उलटलं. पान तीनवर नागपूरच्या नळाच्या वेळा होत्या, महालातला एक मेळावा होता, एका शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो होता. वर जिथे 'सौंसर–पांढुर्णा' असायचं तिथे 'आपलं शहर' होतं. तिने उगाचच पान चार पाहिलं, पाच पाहिलं, आणि पेपर परत घडी घालून ठेवला.

तिच्या पिशवीत सौंसरचा अंक होता. डॉक्टरीणबाईंनी तो पाहिला आणि साहेबांच्या खोलीत घेऊन गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाजल्यासारखा झाला होता.

"ते फोटो बघून म्हणाले, हा प्यायलेला आहे का?"

"तुम्ही सांगितलंत ना?"

"सांगितलं. म्हणाले, ठीक आहे, बघू. पेपरात आलं तरी ते काय करणार, त्यांना तर कुणाचाच फोन आलेला नाही." मग त्या म्हणाल्या, "त्याला पुन्हा दाखवायला आणा. मी औषध देईन. त्याचा फार उपयोग होत नाही, पण देईन."

प्रेसमध्ये सुरेश तिला बघून खरोखर आनंदला. सौंसर–पांढुर्ण्याचा खप कधी नव्हे एवढा झाला होता, मालकांनी त्याचं कौतुक केलं होतं. त्याने तिला मशीन दाखवायला नेलं. हॉल नवीन रंगाच्या वासाने भरला होता. भिंतीला टेकवून अॅल्युमिनियमच्या पातळ प्लेटा ओळीने ठेवल्या होत्या.

"बाकी पेपर एकच," तो सांगत होता. "पान तीनची प्लेट तेवढी बदलायची. काटोलचे अंक झाले की थांबवायचं, प्लेट काढायची, सौंसरची लावायची. मग रामटेक, मग उमरेड. शेवटी शहर. पूर्वी हे स्वप्नातही शक्य नव्हतं."

"म्हणजे सौंसरचं पान फक्त सौंसरला."

"आणि पांढुर्ण्याला. सौंसरच्या बातमीत नागपूरच्या माणसाला काय रस?"

"आधी चार ओळी यायच्या," उर्मिला म्हणाली, "पण त्या सगळीकडे जायच्या."

"चार ओळी कोण वाचत होतं, ताई? आता अर्धं पान दिलं तुम्हाला."

"ही बातमी शहराच्या पानात घ्या. फोटो नको. चार ओळी घ्या."

सुरेश विचारात पडला. तो वाईट माणूस नव्हता. "शहराचं पान दुसरे बघतात. आणि एकदा छापलेली बातमी शिळी. ते म्हणतील, आली आहे की पेपरात." मग तिला बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, "ही तर सुरुवात आहे. मालक कॉम्प्युटर आणायचं म्हणून राहिले. मग तालुक्याला काय, मोहल्ल्यालाही पान देता येईल. ज्याला जे जवळचं तेच त्याच्या दारात."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं कोण मागतं?"

बाहेर पडताना त्याने विचारलं, "पांढुर्ण्याहून असं काही मिळेल का? फोटोवालं?"

परतीच्या बसमध्ये तिच्या शेजारी सावनेरला उतरणाऱ्या एका माणसाने सकाळी घरून आणलेला पेपर उघडला होता. पान तीनवर सावनेर होतं. तिला वाटलं होतं, की पेपर म्हणजे एका गावाचं दुखणं दुसऱ्या गावापर्यंत नेणारी तार आहे. तिच्या समोर जे होतं ते तोंड वितळवून बंद केलेल्या काचनळ्यांसारखं होतं. प्रत्येक नळीत ज्याची त्याची हवा. नळीत कितीही मोठ्याने ओरडलं तरी ऐकणारा तोच, ज्याने आधीच ऐकलेलं आहे. आणि ही नळी दरवर्षी अरुंद होत जाणार, यंत्र जितकं चांगलं होईल तितकी. तिने यात चूक शोधायचा प्रयत्न केला. सौंसरचा नाका येईपर्यंत तिला ती सापडली नाही.

स्टँडवर उत्तम तिची वाट पाहत होता.

"ताई, आमचं नाव कुठं देऊ नोका," तो म्हणाला. "टीम आली तरी आमी नाही येत."

"टीम येत नाही, उत्तम."

"बरं झालं," तो म्हणाला आणि मग ओशाळला. "तसं नाही, ताई. पन माह्या बहिनीची सोयरीक चालू हाय. असा फोटो आला तर?" जाताना तो सपाट रस्त्यावरही सांभाळून पाय टाकत होता.

वस्तीत शिरताना तिला पोरं दिसली. ओळीने उलटी चालत होती, हात पसरून हसत मातीत पडत होती आणि उठून पुन्हा ओळीत लागत होती. तिला पाहून ती पांगली.

सुखदेव खाटेवर बसला होता. चंद्रकला उंबऱ्यात.

"नागपुरात वाचलं का लोकायनं?" त्याने लगेच विचारलं.

खोटं बोलायचं तिने बसमध्येच ठरवलं होतं. सांगायला एक वाक्यही तयार होतं. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर ते आलं नाही.

"नाही, दादा. ते पान तिकडे जातच नाही. ते फक्त आपल्याकडे येतं."

त्याला समजायला वेळ लागला. "फक्त सौंसरले?"

"आणि पांढुर्ण्याला."

"म्हंजे ज्यायले मी बेवडा दिसतो त्यायनंच पाह्यलं," सुखदेव म्हणाला. "अन् ज्यायले सांगायचं होतं त्यायले मालूमच नाही."

चंद्रकलाने सूप उचललं आणि परत ठेवलं.

"काल भाऊराव आले होते," ती म्हणाली. "चांगलेच बोलले. म्हने, सुखदेव, आता तर पेपरातच आलं. चूक कबूल कर, विहारात सर्वायसमोर म्हन की सोडली, अन् पुन्हा पुढं बस. मॅनेजरही तेच म्हनून राहिला. दारू पीत होतो, आता सोडतो, असं लिहून देल्लं तर झाडायच्या कामावर ठेवतो म्हने."

"झाडायला? त्याच धुळीत?"

"दुसरं काम कोन देते याले? हात पाहा याचा."

सुखदेवने हात पुढे केला नाही. तो गुडघ्यांमधे दाबून बसला होता. मग म्हणाला, "ताई, माह्यानं लिहनं होत नाही आता. अक्षर मुंगीएवढं होते अन् मधातच थांबते. तुमी लिहून द्या."

"दादा, हे खोटं आहे."

"खरं लिहून पाह्यलं ना तुमी."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिने पिशवीतून कागद काढला. मिलचे व्यवस्थापक यांस, असं वर लिहिलं. मग थांबली.

"मद्यपान लिहू का दारू?"

"दारू लिहा," सुखदेव म्हणाला. "सर्वायले समजन असं."

तिने लिहिलं. मी सुखदेव ढोके, चाळणी विभाग, दारू पिऊन कामावर येत होतो. ही माझी चूक आहे. इथून पुढे पिणार नाही. मला कामावर ठेवावे. तिच्या नेहमीच्या स्वच्छ, सरळ अक्षरात ते चार ओळींत बसलं.

"वाचून दाखवा," तो म्हणाला.

तिने वाचून दाखवलं. तो लक्षपूर्वक ऐकत होता, विहारात दुसरा कुणी पेपर वाचताना ऐकावं तसा. मग त्याने पेन मागितलं आणि उजवं मनगट डाव्या हाताने धरून खाली सही करायला लागला. वेळ लागत होता. चंद्रकला उठून उर्मिलाजवळ आली.

"एवढं मात्र पेपरात देऊ नोका, बाई," ती म्हणाली.